मनसर सोडून ग्रीसले काहून?

"काहून बाप्पा, इथं ऊन कमी पडून राहिलं का?"

जानेवारीतली दुपार होती. सासूबाई गच्चीवर वाटाणे सोलत बसल्या होत्या आणि आम्ही त्यांना सांगितलं, की येत्या दिवाळीच्या सुट्टीत ग्रीसला जायचा विचार आहे. मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे तापणाऱ्या गावातून उठायचं आणि उन्हासाठीच नावाजलेल्या देशात जायचं, हे काही त्यांना पटेना. त्यांचा दुसरा प्रश्न आणखी अवघड होता. "अन् पडके दगडच पाहाचे असन तं मनसर काय वाईट हाय?"

मनसर आमच्या नागपूरच्या घरून तासाभरावर, जबलपूर रोडवर, रामटेकच्या अलीकडे. वाकाटकांच्या काळातलं विटांचं मोठं बांधकाम तिथं उत्खननात निघालंय. आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा तिथं आम्ही आणि चार शेळ्या. नवऱ्याने मग विदिशाचा दाखला दिला. तक्षशिलेहून आलेल्या हेलिओडोरस नावाच्या ग्रीक राजदूताने इसवी सनाआधी दुसऱ्या शतकात तिथं वासुदेवासाठी गरुडस्तंभ उभारला. म्हणजे ते आधी आपल्याकडे येऊन गेले, आता परतभेट नको का द्यायला? "खांबबाबा म्हणता का? तो तं मी पाह्यला," आई म्हणाल्या आणि पुन्हा वाटाण्यांकडे वळल्या. ही परवानगी समजायची असं आम्ही ठरवलं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, नवऱ्याचं औषधांचं दुकान आहे, मुलगा अकरा वर्षांचा. युरोप आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता आणि शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या व्हिसाबद्दल ऐकलेलं सगळं घाबरवणारं होतं. मी पहिल्यापासून वहीत तारखा आणि खर्च लिहून ठेवत गेले. परत आल्यावर ओळखीतल्या पाच-सहा जणांनी तेच प्रश्न विचारले, म्हणून त्या वहीवरून हे लिहितेय.

सुरुवात टूरवाल्यांपासून केली. एकाने सात रात्रींचे माणशी २ लाख ६५ हजार सांगितले, मुलाचे थोडे कमी, वर तेव्हाच्या दराने ५ टक्के टीसीएस, म्हणजे टूरवाल्याने आधीच गोळा करायचा कर. तो टीसीएस विवरणपत्र भरताना आपल्या करात वळता होतो, पण आधी खिशातून द्यावा लागतोच. कार्यक्रम बघितला तर सँटोरिनी, मिकोनोस, रोज नवीन सूटकेस भरा आणि पळा. घरी हिशेब मांडला तेव्हा स्वतः केलं तर पाच लाखांच्या आत बसेल असं दिसलं. शेवटी साडेचार लाखांच्या जरा वर गेलं. त्यात एक लाख ७४ हजार नुसती विमानाची तिकिटं.

फेब्रुवारीत पासपोर्ट काढून पाहिले. नवऱ्याचा १९ जानेवारी २०२६ पर्यंत होता. "दिवाळीला चालतो की," म्हणून तो कपाटात ठेवायला निघाला होता. पण नियम असा, की शेंगेन देशांतून बाहेर पडायच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्ट वैध हवा, तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. आम्ही २ नोव्हेंबरला तिथून निघणार, म्हणजे २ फेब्रुवारीपर्यंत हवाच. चौदा दिवस कमी पडत होते! त्याचा नवीन करायला १५०० रुपये, मुलाचा पहिल्यांदा काढायला १०००. पासपोर्ट सेवा केंद्रात ए, बी, सी अशा तीन काउंटरवर फिरून दोन तासांत बाहेर पडलो. मुलासाठी आई-वडील दोघांच्या सहीचं अनेक्श्चर डी हे घोषणापत्र लागतं, ते घरूनच भरून न्या. पोलीस पडताळणीचा फोन नवव्या दिवशी आला. २९ मार्चला दोन्ही पासपोर्ट घरात. हे काम मी उगाच सर्वांत अवघड समजत होते, ते सर्वांत सोपं निघालं.

तारखा ठरवताना मात्र खूप घोळ झाला. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे प्रचंड गर्दी आणि ऊन. गेल्या काही उन्हाळ्यांत उष्णतेच्या लाटेत अथेन्सच्या टेकडीवरचं प्राचीन अॅक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावं लागलं होतं. शिवाय त्या महिन्यांत एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. ऑक्टोबरअखेर हवा विशी-बाविशीत, पण बोटी कमी होतात. मुलाची आणि माझी सुट्टी एकत्र मिळते ती दिवाळीतच. भाऊबीज २३ ऑक्टोबरला. ती बुडवून निघायचं म्हटलं असतं तर नणंदेने घरात घेतलं नसतं. म्हणून २४ च्या रात्री नागपूर सोडायचं, २५ ला अथेन्स, २ नोव्हेंबरला परत. आठ रात्री: चार अथेन्स, तीन नॅक्सोस बेटावर, शेवटची पुन्हा अथेन्समध्ये.

ती शेवटची रात्र वाया जाते असं सगळ्यांना वाटतं, आम्हालाही वाटलं. पण वारा फार वाढला की बंदर अधिकारी बोटी सोडत नाहीत. बेटावरून थेट विमान गाठायचं ठरवलं आणि त्याच दिवशी बोट बंद झाली, तर तिकिटाचे पैसे गेले. एक रात्र आधी मुख्य भूमीवर या. यावर वाद घालू नका.

आता कागद. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि फार तर पंधरा दिवस आधीपर्यंत. आम्ही जूनमध्ये अपॉइंटमेंट बघायला लागलो. आम्हाला मुंबईच्या व्हिसा केंद्रावरची मिळाली, १२ ऑगस्ट, मंगळवार, सकाळी ११. तोवर दोन महिने होते आणि दोन्ही पूर्ण लागले.

पहिला गुंता नावाचा. हा गुंता मराठी घरांत हमखास होतो, म्हणून सविस्तर सांगते. माझ्या पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात आडनाव आहे आणि नावाच्या रकान्यात माझं नाव आणि नवऱ्याचं नाव अशी जोडी. मुलाच्या तसंच, त्याचं आणि वडिलांचं. आपल्याला मधलं नाव म्हणजे मधलं नाव वाटतं, पण त्या पुस्तिकेच्या हिशेबाने ते दोन्ही मिळून एकच नाव. बँकेच्या खात्यावर मी नुसत्या आद्याक्षरांनी आहे. महाविद्यालयाच्या पगारपत्रकावर आडनाव आधी. विमा एजंटाने आपल्या मनाने पुढे "सौ." लावलं. एकाच बाईचे चार अवतार! विमानाचं तिकीट, हॉटेलची बुकिंगं, विमा आणि अर्ज हे सगळं पासपोर्टवरच्या अक्षरांबरहुकूम करून घेतलं. बँकेकडून एक साधं पत्र घेतलं, की अमुक खातं अमुक पूर्ण नावाच्या व्यक्तीचं आहे. सहीसुद्धा पासपोर्टवर आहे तशीच करायची. नवऱ्याची नव्या पासपोर्टवरची सही मराठीत आहे आणि तो सवयीने इंग्रजीत करून मोकळा झाला. तीन पानं पुन्हा छापली.

दुसरा गुंता पैशांचा. बँकेचं सहा महिन्यांचं विवरण लागलं, तेही शिक्का आणि सहीसह. आमच्या शाखेत "आता सगळं ऑनलाइन असतं, शिक्का कशाला?" असं म्हणत पहिल्या दिवशी परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी शिक्का होता, पॅड कोरडं होतं. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच्या पर्समध्ये शाईचं पॅड घेऊन गेले. बाविसाव्या पानापर्यंत साहेब हसत होते, नंतर त्यांनी शिपायाला बसवलं.

त्याच महिन्यात आमचं आवर्ती ठेवीचं खातं मुदत संपून खात्यात ३ लाख १० हजार जमा झाले. अर्जाच्या तोंडावर अशी मोठी रक्कम आली, की ती उसनी आणून दाखवलीय असा संशय येऊ शकतो. आम्ही ठेवीचं प्रमाणपत्र जोडलं आणि अर्जासोबतच्या पत्रात एक ओळ लिहिली. लपवण्यापेक्षा सांगून टाकणं बरं. तपासणाऱ्याला आपण माहीत नसतो, त्याच्यासमोर फक्त फाईल असते. प्रत्येक कागद दुसऱ्या कागदाशी जुळतो का, एवढंच तो पाहणार. मी वर्गात मुलांच्या जर्नल्स तपासते तेव्हा नेमकं हेच करते: निरीक्षण एक आणि निष्कर्ष भलताच असला की लाल पेन बाहेर येतं. हे डोक्यात आल्यावर भीती बरीच कमी झाली. रोज रात्री मी आपलीच फाईल लाल पेन घेऊन वाचू लागले.

माझ्याकडून तीन महिन्यांच्या पगारपावत्या, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि रजा मंजूर असल्याचं ना हरकत पत्र. हे पत्र मिळायला सतरा दिवस लागले. प्राचार्यांनी दोन मिनिटांत होकार दिला, पण "परदेश" हा शब्द दिसताच कागद संस्थेच्या कार्यालयात गेला आणि तिथल्या बाबूंनी विचारलं, परत येणार याची हमी काय? ज्याच्यासाठी ते पत्र हवं होतं, तोच प्रश्न! नवऱ्याचं काम तुलनेने लवकर झालं: दुकानाचा गुमास्ता परवाना, औषध परवान्याची प्रत, जीएसटीची विवरणपत्रं, दुकानाच्या खात्याचं विवरण. स्वतःचा धंदा असलेल्यांनी घरखात्यासोबत धंद्याचं खातंही जोडावं. मुलाचं शाळेचं बोनाफाईड आणि जन्मदाखला. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचे, मागे पांढरं; धरमपेठेतल्या स्टुडिओत "शेंगेन" म्हटलं की त्यांना बरोबर कळतं. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंच्या संरक्षणाचा, तिघांचे मिळून ३,६०० रुपये लागले. हॉटेलं रद्द करता येतील अशीच घेतली.

११ ऑगस्टला संध्याकाळी दुरांतो पकडली. दुसऱ्या दिवशी अंगारकी होती. आई म्हणाल्या, "मी टेकडीच्या गणपतीच्या रांगेत उभी राहतो, तुमी तुमच्या रांगेत राहा." सकाळी आठच्या सुमारास मुंबई, स्टेशनवरच्या प्रतीक्षालयात तोंडं धुतली, कपडे बदलले. उशिराचा धोका नको असेल तर आदल्या दिवशीच पोचा; आम्ही गाडी वेळेवर आली म्हणून वाचलो.

केंद्रात मोबाईल बंद, बॅगा बाहेर. काउंटरवरच्या मुलीने सगळे कागद तिच्या क्रमाने लावले. विम्यापाशी थांबली. "मॅडम, विमा १ तारखेला संपतोय. तुमचं विमान २ ला आहे."

लाल पेन घेऊन चाळीस रात्री वाचलेली फाईल. एजंटाने दिवस मोजताना पहिला दिवस धरला नव्हता आणि मी "सौ." काढून घेण्याच्या नादात तारीख बघितलीच नव्हती. घसा कोरडा पडला. तिने शांतपणे सांगितलं, दुरुस्त पॉलिसी आणा, मी फाईल बाजूला ठेवते. बाहेर येऊन नागपूरला फोन लावला, चाळीस मिनिटांत नवी पॉलिसी ईमेलवर आली, गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याने पानाला दहा रुपये घेऊन छापून दिली. त्याचा धंदाच आमच्यासारख्यांवर चालत असणार. एवढ्या वेळात नवरा एका शब्दानेही बोलला नाही, त्याबद्दल त्याचे जाहीर आभार.

शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५. तिघांचे २२५ युरो, म्हणजे तेव्हाच्या भावाने २३ हजारांच्या आसपास, शिवाय केंद्राचं सेवाशुल्क आणि कुरिअर. व्हिसा नाकारला तरी हे परत मिळत नाहीत. आम्हा दोघांचे दहा बोटांचे ठसे घेतले, बारा वर्षांखालच्यांचे घेत नाहीत. माझी बोटं मशीन ओळखेना. वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत आम्लं हाताळल्याचा प्रताप असावा. ओल्या रुमालाने पुसून चौथ्या वेळी जमलं. हे ठसे पाच वर्षांच्या आतल्या पुढच्या अर्जाला चालतात, म्हणून तेवढ्यापुरतं तरी पुन्हा जायची वासना जागी झाली.

मग वाट बघणं. नियमाने पंधरा दिवस, लांबले तर पंचेचाळीसपर्यंत. सत्ताविसाव्या तारखेला गणपती बसले, पंधरा दिवस भरले, निरोप नाही. नवरा दुकानात बसून तासातासाला स्टेटस बघायचा. मी ठरवून बघत नव्हते, फक्त त्याचा चेहरा बघत होते.

१ सप्टेंबरला आमच्याकडे महालक्ष्म्या होत्या. घरात वीस-पंचवीस माणसं, सोळा भाज्या, आंबील, पुरणाचा घाट. पंगत बसलेली असताना कुरिअरवाला दारात. हात पिठाचे, सही कोण करणार? नणंदेने केली, ओळखपत्र मागितलं म्हणून नवरा ताट सोडून उठला. लिफाफा आईंनी महालक्ष्म्यांच्या पुढ्यात ठेवला आणि आरती झाल्याशिवाय उघडू दिला नाही. ती पंचवीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. तिन्ही पासपोर्टवर स्टिकर होतं.

स्टिकर मिळालं की आनंदात तसंच कपाटात ठेवू नका. नाव, पासपोर्ट क्रमांक आणि तारखा तपासा. आमच्यावर वैध असण्याच्या तारखा १७ नोव्हेंबरपर्यंत होत्या, पण मुक्काम फक्त ९ दिवस. आमचा एक पाहुणा "अरे, आणखी पंधरा दिवस राहता येते की" म्हणाला. राहता येत नाही. ते पंधरा दिवस प्रवास पुढेमागे झाला तर सोय म्हणून असतात, मुक्काम दिवसांवरच मोजतात, आणि पोचायचा व निघायचा दोन्ही दिवस त्यात धरतात.

त्यानंतरची तयारी आनंदाची होती, पण जुनी माहिती वाचून फसायची पाळी आली. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं होतं, की अथेन्समध्ये ३० युरोंच्या एकत्रित तिकिटात अॅक्रोपोलिससह सात ठिकाणं होतात. ते तिकीट एप्रिल २०२५ पासून बंद झालं. आता ३० युरो एकट्या अॅक्रोपोलिसचेच, आणि तेही वेळ आरक्षित करून. नवरा खट्टू झाला. मग त्याला शोध लागला, की २८ ऑक्टोबरला सरकारी पुरातत्त्व स्थळांवर प्रवेश मोफत असतो. तो त्यांचा ओही दिन, १९४० साली मुसोलिनीची मागणी नाकारली त्याची आठवण. "ओही" म्हणजे नाही. आमचा अॅक्रोपोलिसचा दिवस त्याच तारखेला टाकला. दुकानदाराचं मन आहे, चालायचंच. फुकट दिवशी गर्दी असणार म्हणून अगदी सकाळी जायचं ठरवलं.

हॉटेलात वेगळा हवामान कर द्यावा लागतो, तो बुकिंगच्या रकमेत बहुधा नसतो. एप्रिल ते ऑक्टोबर तीन तारांकितला खोलीमागे रात्रीचे ५ युरो, चारला १०, पाचला १५. टूरवाल्यांच्या कोटेशनमध्ये तो धरलाय का ते विचारून घ्या. नॅक्सोसची बोट पिरेयस बंदरातून, मोठ्या संथ बोटीने साडेपाच तासांच्या आसपास. वेगवान बोटी महाग असतात आणि लाटांत जास्त हलतात. मुलाला बसमध्येसुद्धा मळमळतं, तेव्हा निर्णय सोपा होता.

फराळ नेण्यावरून घरात चर्चासत्र झालं. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे खव्याची संत्रा बर्फी बाद. चिवडा, चकल्या आणि लसणाची चटणी गेली. आम्ही शाकाहारी. तिथं "निस्तीसिमा" हा शब्द कामी येतो, म्हणजे उपवासाचे पदार्थ: मोठ्या वालासारख्या दाण्यांच्या उसळी, उकडलेल्या रानभाज्या, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात. फक्त त्यांच्या उपवासाला कोळंबी-शिंपले चालतात, तेव्हा एकदा विचारून घ्यायचं.

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही, तो विषय वेगळा. दोनच गोष्टी. २६ ऑक्टोबरच्या पहाटे तिथली घड्याळं एक तास मागे गेली आणि भारताशी फरक अडीच तासांवरून साडेतीन झाला. मोबाईल आपोआप बदलला, नवऱ्याचं मनगटावरचं घड्याळ नाही, त्यामुळे आम्ही रविवारी तासभर आधीच तयार होऊन बंद दारासमोर उभे. आणि १ नोव्हेंबरला नॅक्सोसहून परतताना बोट वाऱ्यामुळे दीड तास उशिरा निघाली. त्या दीड तासात आम्ही बंदराजवळच्या पोर्तारापाशी बसून होतो. अपोलोच्या मंदिराचा तो संगमरवरी दरवाजा, इसवी सनाआधी सहाव्या शतकात सुरू झालेलं आणि कधीच पूर्ण न झालेलं बांधकाम. आईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मंग आत काय हाय?" काहीच नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "तिकिट तं नाही घेतलं ना?"

नाही, पोर्ताराला तिकीट नाही.

फाईल अजून आहे, तीन इंच जाड. गेल्या आठवड्यात तळमजल्यावरच्या काकू ती घेऊन गेल्या, त्यांच्या मुलीला एप्रिलमध्ये जायचंय. काल जिन्यात भेटल्या. त्यांचं बँकेत शिक्क्यावर अडलंय. मी वर येऊन शाईचं पॅड शोधून ठेवलं आहे.